शिसवी जंबो आणि सहा मतं

वसई तालुक्यातल्या एका चर्चच्या कॉयरमध्ये घडलेलं हे प्रकरण. गाव, चर्च आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि गिटारवरचं नावही मुद्दाम लिहिलेलं नाही. मी वाद्यं दुरुस्त करतो. या प्रकरणात मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. सल्ला देता देता मीही एक घोळ घातला, तोही खाली येईलच.

पार्श्वभूमी

कॉयर पंचवीसेक जणांचा. मिस्सा मराठीतून, त्यामुळे गाणीही मराठी, बरीचशी केरवा-दादऱ्यात बांधलेली. साथीला पेटी, किबोर्ड, तबला आणि एक गिटार. ही गिटार म्हणजे मध्यम अंगाची, महोगनीच्या पाठीची, कोपरे झिजलेली एक जुनी बाई. सूर धरायची, कुणाच्या आड यायची नाही. तिच्याबद्दल कुणाला काही मत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या एका माणसानं कॉयरला दुसरी गिटार दिली. तो आखातात नोकरीला. त्याचे वडील या कॉयरमध्ये तीस वर्षं खर्जात गायले आणि आदल्या वर्षी वारले. वडिलांच्या आवाजासारखं भरदार काहीतरी द्यावं, एवढाच मुलाचा विचार. तिकडून मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यानं ही गिटार विकत घेतली आणि पेटीसकट विमानातून आणली. फादरांनी आशीर्वाद दिला, नोंदवहीत वडिलांच्या नावासह नोंद झाली, पहिल्या रविवारी तिचं कौतुकही झालं. चौथ्या रविवारपर्यंत कॉयरमध्ये दोन तट पडले होते.

गिटार कशी होती

जंबो. खालचा फुगवटा १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर, कंबर मात्र आवळलेली. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. आपल्याकडच्या दुकानांत 'मोठी गिटार' म्हटलं की बहुधा ड्रेडनॉट पुढ्यात येते. हा आकार १९१६ साली मार्टिन कंपनीनं डिटसन या दुकानदारासाठी काढला. नाव पडलं ब्रिटिश आरमाराच्या त्या काळच्या अजस्र युद्धनौकेवरून. १९३१ पासून मार्टिननं तो स्वतःच्या नावानं विकायला घेतला, आणि त्यातली शिसवी पाठीची डी-२८ आजही या जातीच्या गिटारींचं माप मानली जाते. जंबो तिच्याहूनही रुंद. गिब्सनचे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे सुपर जंबो शिसवीचे असत, युद्धानंतर ती कंपनी मेपलकडे वळली. म्हणजे शिसवी जंबो ही काही विचित्र चीज नव्हे, फक्त आकार आणि लाकूड दोन्ही बाबतींत एकदम मोठा घास आहे.

लाकडाबद्दल थोडं विषयांतर, कारण पुढचं निम्मं भांडण लाकडावरूनच झालं. गिटारवाले ज्याला इंडियन रोझवुड म्हणतात तो आपला शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. पश्चिम घाटात वाढणारा. फर्निचरच्या दुकानात 'शीशम' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा उत्तरेकडचं भावकीतलं झाड असतं, तेच हे नव्हे. पूर्वी चांगल्या गिटारींना ब्राझीलचा शिसव लागे. तो मिळेना झाला तेव्हा १९६९ च्या अखेरीपासून मार्टिननंही भारतीय शिसव घेतला, आणि १९९२ मध्ये ब्राझीलच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंदच झाला. तेव्हापासून जगभरच्या शिसवी गिटारींच्या पाठीवर बहुधा आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातलं लाकूड असतं. कॉयरमधले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "म्हणजे हे आमच्या आजोबांच्या कपाटाचंच लाकूड की! परदेशी जाऊन, गिटार होऊन परत आलं." त्यांचा या गिटारला सर्वांत मोठा विरोध होता, पण हे सांगताना पाठीवरून हात फिरवत होते.

सहा मतं

वाजवणारे पाच, आणि कॉयर चालवणाऱ्या टीचर मिळून सहा.

हे शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात, जुनी गिटार चाळीस वर्षं बाकावर बसून वाजवत आलेले. त्यांचं म्हणणं, "ही गाण्याच्या अंगावर येते. शब्द ऐकू येत नाहीत." दुसरी तक्रार त्यांनी सर्वांसमोर केली नाही, मला बाजूला घेऊन सांगितली: पाऊण तास वाजवल्यावर उजवा खांदा भरून येतो.

रेल्वेत नोकरी करणारे एक दणकट काका मात्र तिच्या प्रेमात. ते वाजवतात जोरात, सगळ्या सहाही तारा झोडत. "छातीला लागते ना, तेच तर सुख आहे," असं म्हणून ते पाठीचा फुगवटा पोटाशी घट्ट धरायचे.

तिसरा लग्नाच्या रिसेप्शनांत बँडबरोबर वाजवणारा. त्याचा अनुभव सर्वांत जास्त, आणि मत सर्वांत रोखठोक. स्पीकरला जोडली की ही गिटार 'हूं' करून ओरडते. स्टेजला पातळ अंगाची, कापलेल्या खांद्याची गिटार हवी. असली गिटार घरात सोफ्यावर बसून वाजवायची. त्याचं म्हणणं त्याच्या कामापुरतं शंभर टक्के बरोबर होतं. ते चर्चला किती लागू पडतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

इंजिनियरिंगला असलेला एक मुलगा बोटांनी वाजवतो. त्यानं वाचलेलं भरपूर. शिसवीत खालचे आणि वरचे सूर उठून दिसतात, मधला भाग खोल जातो. महोगनी कोरडी, सरळ, मधले सूर पुढे आणणारी. म्हणून गाण्याच्या साथीला महोगनीच बरी, हे त्यानं इतक्या नेटकेपणानं मांडलं की त्या दिवसापासून सगळे 'शिसवीचा दोष' असंच बोलू लागले. गिटारवादकांत हे वर्णन सर्वत्र रूढ आहे आणि अगदीच पोकळ नाही. पण या हॉलमध्ये तो शब्द एकदा पडला आणि बाकी कुठे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

धाकटी कॉलेजात. अंगानं लहानखुरी. तिला या गिटारचा आवाज सर्वांत जास्त आवडला होता आणि ती धरणं तिलाच सर्वांत कमी जमत होतं. बसली की उजवं कोपर कानापर्यंत जातं, असं तीच हसत सांगायची.

टीचर गिटार वाजवत नाहीत. त्या समोर उभ्या राहून हात हलवतात. त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं, मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला तर ती ऐकूच येत नाही नीट. नुसता डग्गा मोठा झाल्यासारखं वाटतं." संपूर्ण प्रकरणात माझ्या उपयोगी पडलेलं पहिलं वाक्य हेच.

अडचण नेमकी कुठे

मला बोलावलं जुलैच्या मध्यावर, भर पावसात. वसई रोडला उतरून बसने गेलो. जंबोची पेटी विरार लोकलमध्ये चढवून दाखवणाऱ्याला माझा सलाम, म्हणून मीच अवजारं घेऊन तिकडे गेलो.

चर्चच्या हॉलमध्ये माझ्याजवळच्या मापकावर हवेतली आर्द्रता ८८ टक्के दिसत होती. अशा गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतं. ओल शोषून वरची फळी फुगली होती, ब्रिजच्या, म्हणजे तारा फळीला जिथे अडकवतात त्या तुकड्याच्या, मागे पोट सुटल्यासारखी. त्यामुळे तारा मानेवरच्या पट्टीपासून उचलल्या गेल्या होत्या: बाराव्या फ्रेटवर (त्या पट्टीतली धातूची आडवी रेघ) सर्वांत जाड तारेखाली ३.४ मिलिमीटर जागा. अडीचच्या आसपास असली की हाताला बरं वाटतं. वर तारा होत्या मीडियम जाडीच्या, १३ ते ५६ चा (इंचाच्या हजाराव्या भागात) संच, बहुधा आधीच्या मालकाच्याच, काळपट पडलेल्या. मीडियम संचाचा एकूण ताण ८४ किलोच्या घरात जातो. लाइट संच त्याहून दहाएक किलो हलका. धाकटीच्या बोटांना चिरा का पडत होत्या ते शिसवीत शोधायची गरज नव्हती.

मग जागा. गिटारवाला बसायचा डावीकडे भिंत आणि मागे भिंत अशा कोपऱ्यात. कोपरा खालचे सूर फुगवतो, हे कुठलाही साउंडवाला सांगेल. आणि त्याच कोपऱ्यात हातभर अंतरावर तबलजी. प्रत्येक गिटारच्या पोकळीतल्या हवेला स्वतःचा एक घुमण्याचा सूर असतो. मोठ्या अंगाच्या गिटारींत तो साधारण ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान पडतो. या गिटारचा पडत होता पांढरी पाचच्या (पाश्चात्त्य जी) खालच्या सुराजवळ, म्हणजे जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, ९८ हर्ट्झ. कॉयरची अर्धी गाणी पांढरी पाचमध्ये. डग्ग्याची घुमारीही त्याच भागात. रेल्वेवाले काका पहिल्या मात्रेवर जाड तार झोडायचे, तबलजी त्याच मात्रेवर डग्गा दाबायचा, आणि टीचरना मोठा झालेला डग्गा ऐकू यायचा.

मिक्सरचं म्हणाल तर गिटारच्या वाहिनीवर खालचे सूर कापण्याचं बटण दाबलेलंच नव्हतं. ते तिथे आहे हे माहीत असणारा एकच माणूस होता, आणि तो लग्नवाला त्या रविवारी कुठल्या तरी रिसेप्शनला होता.

समोरचे पर्याय

ऑगस्टमध्ये बैठक झाली. चहा-वडे संपेपर्यंत सगळे मराठीत बोलत होते. मग तापल्यावर कादोडीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, शिरले, आणि मी बाहेरचा असल्यानं मला निम्मंच कळलं. जे कळलं ते असं.

सरांचा आणि लग्नवाल्याचा प्रस्ताव विकण्याचा. येईल त्या पैशात एक चांगली मध्यम आकाराची महोगनी गिटार आणि उरलेल्यात एक मायक्रोफोन. हिशेबानं हा सर्वांत सरळ रस्ता. यावर इंजिनियर मुलानं शंका काढली, की शिसवी वाद्य परदेशात विकायचं झालं तर कागदपत्रं लागतील का? त्याची शंका अगदीच निराधार नव्हती: २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्याच जाती आंतरराष्ट्रीय करारातल्या परवान्यांखाली आल्या होत्या आणि वादकांची बरीच धावपळ उडाली होती. पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझीलच्या शिसवाचा अपवाद वगळून, आणि आमची गोष्ट त्यानंतरची. शिवाय गिटार वसईतच विकायची होती. अडचण कायद्याची नव्हतीच. ती नोंदवहीतल्या एका ओळीची होती. ज्याच्या स्मरणार्थ वस्तू आली ती तीन महिन्यांत विकली हे त्या घरी कोण सांगणार? कुणीही हात वर केला नाही.

दुसरा पर्याय टीचरनी सुचवला: नाताळ, पास्का, मिरवणूक अशा उघड्यावरच्या प्रसंगांना ही गिटार, रविवारी जुनी. कुणाचं मन दुखणार नाही. पण वर्षात दहा वेळा बाहेर निघणारं लाकडी वाद्य बाकीचे दिवस वसईच्या दमट कपाटात ठेवायचं, म्हणजे दोन पावसाळ्यांनंतर माझ्याकडे दुरुस्तीला येणार. हे मी सांगितलं. माझा धंदा त्यातच आहे तरी सांगितलं.

तिसरा पर्याय, ती काकांना देऊन टाकायची, त्यांनी घरी वाजवावी. काकांना तो फार आवडला. बाकी कुणाला नाही.

चौथा माझा. आधी गिटार नीट लावून घेऊ, जागा बदलू, आणि मग मत बनवू. आजवर कुणीच ती गिटार धड ऐकलेली नाही, असं मी जरा जोरात बोललो. सरांना ते लागलं. चाळीस वर्षं कानांनी काम केलेल्या माणसाला तुम्ही ऐकलंच नाही असं सांगणं बरोबर नव्हतं, आणि त्यामुळे पुढचे दोन महिने ते माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

पहिला निर्णय: मतदान नको

हात वर करून निकाल लावायचा असं जवळजवळ ठरलं होतं. टीचरनी तो थांबवला. सहातले चार विरोधात होते, म्हणजे गिटार गेली असती. टीचर म्हणाल्या, आधी डोळे मिटून ऐकू, मग हात वर करू.

त्याला कारण होतं इंजिनियर मुलाच्याच मोबाइलमधलं एक संशोधन. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एकाच कारागिराकडून सहा गिटारी एकाच मापाच्या बनवून घेतल्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझीलचा शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली, अक्रोड. ५२ वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालून मंद उजेडात त्या वाजवायला दिल्या. लाकूड दिसेनासं झाल्यावर कुठल्याच लाकडाला ठळकपणे जास्त गुण पडले नाहीत. शिसवीवर सगळं खापर फोडणाऱ्या मुलानंच हे शोधून आणलं, ही गोष्ट मला आवडली.

मात्र त्या प्रयोगात आकार एकच होता. आमच्याकडे आकारच वेगळा. जंबो डोळे बांधूनही मांडीवर ओळखू येतेच. म्हणून आम्ही वाजवणाऱ्यांचे नाही, ऐकणाऱ्यांचे डोळे बांधले. म्हणजे सगळ्यांना वेदीकडे पाठ करून बसवलं, तिसऱ्या, दहाव्या आणि शेवटच्या बाकावर.

दुसरा निर्णय: ऐकण्याची परीक्षा

त्याआधी मी गिटारवर काम केलं होतं. लाइट संचाच्या फॉस्फर ब्राँझ तारा, १२ ते ५३. मानेतली सळई किंचित सैल. सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, खालून १.४ मिलिमीटर घासली, म्हणजे बाराव्या फ्रेटवर तारा त्याच्या निम्म्यानं खाली आल्या: ३.४ वरून २.७. सगळ्यांचे हात खूश झाले. ही घासलेली पट्टी लक्षात ठेवा.

परीक्षा झाली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मारियामातेच्या जन्मोत्सवाच्या सरावाला. एक गाणं जुन्या गिटारवर, तेच जंबोवर, दोन्ही कोपऱ्यातून. मग दोन्ही कोपऱ्यापासून दोन मीटर पुढे, मोकळ्यात. वाजवणारे आलटून पालटून.

कोपऱ्यातून वाजवलेली जंबो सर्वांनी ओळखली, शेवटच्या बाकावरूनही. मोकळ्यात आल्यावर तिसऱ्या बाकावरचे ओळखत होते, दहाव्यावरचे गोंधळले. सरांनी दहाव्या बाकावरून जंबोला "आपली जुनी" म्हटलं आणि मागे वळून पाहिल्यावर काहीच बोलले नाहीत. वाजवणाऱ्याच्या जागेवर मात्र ती प्रत्येक वेळी मोठीच वाटत होती. गिटारचा आवाज निघतो पुढे आणि वाजवणारा बसतो मागे. त्याच्या छातीला पाठीची थरथर लागते आणि कानावर बाजूनं खर्ज येतो. काकांचं सुख आणि सरांची तक्रार, दोन्ही त्या जागेवरचीच होती. लोकांपर्यंत त्यातलं फारसं काही पोचतच नव्हतं.

परीक्षेत एक ढिलाई झाली. तारा, सॅडल आणि जागा, तिन्ही मी एकाच पंधरवड्यात बदललं होतं. त्यामुळे फरकातला किती भाग कशाचा हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोपऱ्याचा वाटा सर्वांत मोठा होता असं माझं मत आहे, कारण तेवढा बदल आम्ही त्याच संध्याकाळी मागे-पुढे करून ऐकला.

काय केलं

गिटारवाल्याची खुर्ची कोपऱ्यातून काढली आणि तबलजी व गिटारवाला यांच्या मध्ये हार्मोनियमची पेटी आणली. मिक्सरवर खालचे सूर कापण्याचं बटण दाबलं आणि ९८ च्या आसपासची एक अरुंद पट्टी खाली ओढली. आवाजाच्या भोकात रबराची चकती बसवली, ओरडणं थांबलं. लग्नवाल्यानं हे सगळं स्वतः केलं, आणि करताना "तरीही ही स्टेजची गिटार नाही" असं तीनदा म्हणाला.

खरा बदल वाजवण्यात झाला. पांढरी पाचची गाणी काका उघड्या जी कॉर्डवर वाजवायचे. धाकटीनं पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून तेच गाणं डी कॉर्डवर वाजवून दाखवलं. सूर तोच, पण हात वरच्या पातळ तारांवर राहतो आणि पहिली मात्रा डग्ग्यासाठी मोकळी सोडता येते. एकदम गाण्याचे शब्द वर आले. काकांनी दोन आठवडे प्रयत्न केला. पहिल्या मात्रेवर न झोडणं त्यांना जमलं नाही, तेव्हा त्यांनीच पिक खाली ठेवून धाकटीला सांगितलं, "तूच घे बाय."

तिचा बसण्याचा प्रश्न सोपा निघाला: बसायचंच नाही. उभं राहून रुंद पट्टा, गिटार जरा वर आणि तिचं डोकं थोडं तिरकं. जंबोची आवळलेली कंबर मांडीवर बसवायला बरी असते, पण लहान अंगाच्या माणसाचं उजवं कोपर त्या सतरा इंचांवर चढणारच. उभ्यानं ते सुटतं. सरांना मी फुगवट्याच्या काठावर बसणारा लाकडी हातटेका करून दिला. त्यांनी तो एकदा लावून पाहिला आणि जुन्या गिटारकडे परत गेले. चौसष्टाव्या वर्षी खांदा दुखतो म्हणून गिटार नको म्हणणं, याला शिसवीचं कारण द्यावं लागू नये. बैठकीत पहिल्याच दिवशी ते तसं सरळ बोलता आलं असतं तर अर्धा वाद झालाच नसता. पण चारचौघांत कोण बोलतं?

माझी चूक

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा मैदानात झाली. उघड्यावर भिंत नाही, कोपरा नाही, आणि हजार-दीड हजार माणसं. तिथे जुनी गिटार विरून गेली असती. जंबोनं गाणं उचलून धरलं. दुसऱ्या दिवशी आखातातून गिटार देणाऱ्याचा फोन आला, त्यानं मोबाइलवर ऐकलं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धाकटीचा फोन: "अंकल, तारा किरकिरतायत." थंडीतल्या कोरड्या हवेत फुगलेली फळी खाली बसली होती. बाराव्या फ्रेटवर आता जेमतेम २ मिलिमीटर. हलक्या हातानं वाजवलं तर ठीक, जरा जोर केला की तार फ्रेटवर आपटायची. पावसाळ्यातल्या फुगीर फळीला मापून मी पट्टी घासली होती. घासलेलं हाड परत वाढत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर माहीत नसतं तर लाजच. पण सप्टेंबरच्या परीक्षेआधी सगळ्यांच्या हाताला गिटार हलकी लागावी, विरोध थंड व्हावा, या घाईत मी मूळची पट्टी घासली. करायला हवं होतं ते इतकंच: मूळची पट्टी काढून पाकिटात ठेवायची आणि पावसाळ्यापुरती दुसरी, बुटकी पट्टी कापायची. अर्ध्या तासाचं जास्तीचं काम. गिटार दुसऱ्याची, तीही कुणाच्या वडिलांच्या नावाची, आणि मी तिच्यावर न फिरवता येणारा बदल केला.

नवी उंच पट्टी मी माझ्या खर्चानं कापून दिली. हिवाळ्यात ती, पावसाळ्यात जुनी घासलेली. सॅडलखाली पिकअप (तारांची थरथर स्पीकरकडे पोचवणारी पट्टी) असल्यानं दोन्हींचा तळ अगदी सपाट हवा, नाहीतर एखादी तार स्पीकरमध्ये दबकी येते. दुसऱ्या पट्टीला यासाठी मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

वेगळं काय करता आलं असतं

वरच्या चुका सोडूनही दोन गोष्टी मनात राहिल्या.

एक, देणाऱ्याला कुणी विचारलंच नाही. सगळे त्याचं मन दुखेल म्हणून विकणं टाळत होते, पण विकण्याबद्दल त्याचं मत काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाताळनंतर टीचरनी सहज विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला छोटी हवी असती तर मी छोटी आणली असती. मला फक्त आवाज मोठा हवा होता." गिटार घेण्याआधी त्यानं विचारायला हवं होतं आणि बैठकीआधी यांनी. फोन लागत होता, दोन्हीकडून.

दुसरं, मत मागताना आम्ही 'कशी वाटली' असं विचारलं. त्याऐवजी कुठे बसून, कुठल्या तारांवर, कुठल्या पट्टीत आणि कशासाठी वाजवली, हे आधी लिहून घेतलं असतं तर सहाही मतं एकमेकांशी भांडलीच नसती. लग्नवाला स्पीकरबद्दल बोलत होता, सर खांद्याबद्दल, काका छातीबद्दल, मुलगा वाचलेल्याबद्दल. गिटार एकच होती म्हणून वाटलं, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत.

आजची स्थिती

धाकटी आता नोकरीला लागली आहे, तरी रविवारी वाजवते. इंजिनियर मुलगा 'मधले सूर अजूनही कमीच' म्हणतो, आणि बोटांनी वाजवायला मला त्याचं म्हणणं पटतं. लग्नवाल्यानं मत बदललेलं नाही, बदलण्याचं कारणही नाही. जुनी गिटार सरांकडे असते आणि शांत गाण्यांना, विशेषतः कम्युनियनच्या वेळी, तीच बरी लागते.

जंबो भिंतीला टांगत नाहीत, पेटीत ठेवतात. आत आर्द्रता राखणाऱ्या दोन पुड्या आणि एक छोटं मापक. झाकणाच्या आतल्या खिशात प्लास्टिकचं पाकीट, त्यावर टीचरच्या अक्षरात 'हिवाळी पट्टी, फेकू नये'. या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पट्टी बदलायला गेलो तेव्हा सर दारातच होते. चहा त्यांनी केला. मापकावर ७९ आकडा होता. "अजून थोडं थांबा," ते म्हणाले, "पाऊस नीट पडू दे, मग घाला बुटकी."